कानशिलातली कळ

कवठे महांकाळ सोडून कर्नाटकाच्या अंगाला निघालं की रस्त्याकडेला बेदाण्याची शेडं लागतात. त्यातल्याच एका शेडवर शालूबाई बेदाणा निवडायला जायची. साठी केव्हाच उलटली होती, पण डोळे असे की पोरीबाळींनी तोंडात बोटं घालावीत. पसरलेल्या ढिगातनं काळा दाणा, काडी, खडा ती गप्पा मारता मारता टिपायची. मुकादम नानासो बाकीच्या बायांचा माल पुन्हा एकदा बघायचा, पण शालूबाईच्या पाटीला हात लावत नसे. "मावशीचं डोळं म्हंजी चाळण हाय चाळण," म्हणायचा. उभ्या जन्मात शालूबाईच्या वाट्याला आलेलं कौतुक म्हणाल तर एवढंच.

घरात म्हातारीला काय किंमत असते ते मी सांगायला नको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा जयराज टेम्पो चालवायचा. वाईट नव्हता हो, पण आईशी दोन शब्द बोलायचे असतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सून पल्लवी कामाला वाघ आणि बोलायला कात्री. मुलगी संयोगिता साताऱ्याला दिलेली, ती आपली फोनवरनं चौकशी करायची. शालूबाईचं सगळं मन रमायचं ते शेडवर.

आणि शेडवर डोकेदुखी ही रोजचीच पाहुणी. तिथल्या बायकांना तिचे सगळे नातेवाईक तोंडपाठ. बेदाण्याला गंधकाची धुरी दिली की कपाळभर दाटून येतं ते गंधकाचं. त्याला बाहेर लिंबाखाली जाऊन वारं खायचं. उन्हाचं टाळूत जाळतं. पित्ताचं ओकलं की उतरतं. अर्धशिशी एका अंगाला धरते, तिला उजेड सोसत नाही. त्या बाईला अंधाऱ्या कोपऱ्यात निजू द्यायचं आणि मुकादमाला थाप मारायची. चष्म्याचं, पडशाचं, उपासाचं, शिवाय सासूचं. ते माहेरची एसटी दिसली की आपोआप थांबतं. हसू नका. या सगळ्याला उतारे होते आणि निम्म्याहून जास्त वेळा ते लागूही पडायचे. तिथंच तर घात झाला. दहा दुखणी ज्याला ओळखता येतात, त्याला अकरावं असतं हे पटतच नाही.

शालूबाईचं दुखायला लागलं ते उजव्या कानशिलात. जन्मात कधी डोकं धरून न बसलेली बाई, आणि आता दिवसभर आत कुणी कांडत असल्यासारखा ठणका. पहिल्यांदा सगळ्याजणी म्हणाल्या, गंधक. लिंबाखाली बसून झालं. मग शेजारची बाळाक्का म्हणाली, "अर्दशिशी हाय, एकाच अंगाला दुखतंय न्हवं? दिस उगवायच्या आत दुधात जिलेबी घालून खा." आता बाळाक्का म्हणजे गावातली मोठी जाणती. कुणाच्या अंगात काय आलं, कुणाला कुणाची नजर लागली, सगळं तिला आधी कळायचं. शालूबाईनं जिलेबी खाल्ली. पण दुधात भिजलेली जिलेबी ती काय, तीसुद्धा चावताना जबडा भरून आला. दोन घास चावले की थांबायचं, जरा दम घ्यायचा, मग पुढचा घास.

जबडा दुखतोय म्हटल्यावर घरच्यांना हायसंच वाटलं. दात! जयराजनं तालुक्याला नेऊन तिची दाढ काढून आणली. चांगली धडधाकट दाढ. रोग रेड्याला नि औषध पखालीला म्हणतात ते हे. हिरडी भरून आली, जबडा दुखायचा तो दुखतच राहिला, कानशिलातली कळ जागची हलली नाही. गावातल्या डॉक्टरनं सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि "वयानं होतंय मावशी" असं सांगून पुढचा पेशंट बोलावला. शालूबाई भाकरी सोडून कण्या खायला लागली, वाळून काटकी झाली. पल्लवी भांड्यांशी बोलावं तसं बोलायची, "भाकरी नगं म्हंजी आता रोज येगळं रांदायचं."

आणि मग फणी. एके सकाळी केसांत फणी घातली आणि शालूबाई कळवळून खालीच बसली. फणीचा नुसता दात टेकला तरी कातडीला चटका बसल्यासारखं होई. उशीला डोकं टेकवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिनं विंचरायचं सोडलं. पदर घट्ट लपेटून कामाला जायची. केस पहिल्यापासून दाट, त्यात घाम, त्यात शेडवरची चिकट गोड धूळ. महिना दीड महिना गेला तोवर मानेवर केसांचा असा लगदा झाला की बोट शिरेना.

नळावर पाणी भरताना पदर सरकला आणि बाळाक्कानं तो लगदा बघितला. हातातली कळशी तिनं तिथंच ठेवली.

"अगं बया बया! शाले, ही जट हाय गं! यल्लम्माआईची जट!"

"आगं कसली जट? विंचरलं न्हाई म्हणून गुता झालाय."

"आन् का विंचरलं न्हाईस?"

"दुखतंय."

"का दुखतंय?"

शालूबाईला काही सांगता येईना. डॉक्टरला जे सांगता आलं नाही ते ती बिचारी काय सांगणार?

"बगितलंस? तुज्याकडं उत्तर न्हाई. आईकडं हाय. आईनं तुजं डोस्कं धरलंया, तिला फणी लागत असती व्हय? आता चुकून सुदिक कात्री लावू नगंस, घरादाराचं वाटुळं हुईल."

झालं. तिन्हीसांजेच्या आत घरात हळदीकुंकवाचं ताट आलं. आसपासच्या बाया आल्या, शालूबाईला पाटावर बसवलं, त्या लगद्याला हळद लावली, ओटी भरली, पाया पडल्या. शालूबाईच्या पाया! जिच्याकडं कालपर्यंत कुणी मान वळवून बघत नव्हतं तिच्या! त्या दिवशी पल्लवीनं आधी सासूला वाढलं. दुधात भाकरी कुस्करून, वर साखर घालून, "खावा आत्ती, सावकाश खावा," म्हणाली. जयराज टेम्पो लावून आला, गर्दी बघून दारातच थबकला, मग जवळ येऊन त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि विचारलं, "आये, लय दुखतंय का गं?"

अरे बाबा, हेच आधी विचारलं असतंस तर! शालूबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. बाया म्हणाल्या, आई द्रवली. आणि शालूबाईला पक्कं ठाऊक होतं की इथं आईबिई कुणी नाही, फणी लागते म्हणून केसांचा गुंता झालाय. तिला ठाऊक होतं, आणि ती गप्प बसली. लेकानं इतक्या वर्षांनी हात धरला होता, तो सोडवून घ्यायचा धीर तिला झाला नाही. तुम्ही आम्ही तिला नावं ठेवू, पण भुकेल्याच्या पुढ्यात ताट आलं की ते कुणाच्या घरचं हे तो विचारत बसत नाही.

शेडवरचं काम सुटलं. नानासो मुकादमसुद्धा नारळ घेऊन येऊन गेला. मंगळवार, शुक्रवार दारात बाया बसू लागल्या. कळ होतीच, पण आता त्या कळेला मान होता. डॉक्टरचं नाव निघालं की बाळाक्का डोळे वटारायची, "देवीच्या दुखण्याला सुई टोचत्यात व्हय?" म्हणायची. गोळ्या बंद झाल्या.

एका शुक्रवारी हळद लावून घेताना शालूबाईच्या उजव्या डोळ्यापुढं वरनं खाली करडा पडदा सरकला. समोरच्या बाया दिसेनात. जरा वेळानं पडदा आपोआप वर गेला.  डोळे! तिच्याजवळ दुसरं होतं काय? तिनं बाळाक्काला कानात सांगितलं तर बाळाक्कानं हात जोडले, "आई डोळ्यावरनं हात फिरवतीया. भाग्याची हायेस." त्यानंतर पडदा अधूनमधून येऊ लागला.

जयराजनं जटेचं कौतुकानं फोनवर सांगितलं आणि संयोगिता साताऱ्याहून मिळेल त्या एसटीनं आली. शिकलेली म्हणाल तर फार नव्हे, पण आईची लेक. दार लावून घेऊन आईजवळ बसली. 

"आये, चल मिरजेला. आज, आत्ता. तिथं मोठाले डॉक्टर हायेत, सगळं तपासूया. आणि ही जट न्हाई, गुंता हाय, मला कळतंय. मी खोबरेल लावून एकेक बट सोडवते, एक केस तुटू द्यायची न्हाई."

शालूबाईनं पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला.

"मला एवढंच सांग, तू केस का विंचरले न्हाईस? खरं सांग. माझी शपथ हाय."

दाराच्या फटीतनं बाहेर बसलेल्या बायांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. पल्लवी कुणाला तरी सांगत होती, "आत्तींचा चहा हुतोय, थांबा जरा." फणी लागायची गं, म्हणून. एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं की उद्यापासनं पुन्हा ती कोपऱ्यातली म्हातारी, पुन्हा भांड्यांचा आवाज, शिवाय गाव तोंडात शेण घालणार की म्हातारीनं देवीच्या नावावर फशिवलं. शालूबाई म्हणाली, "आईची मर्जी, बाळा."

संयोगिता रडली, भांडली, जयराजचे पाय धरले. जयराज म्हणाला, "आक्का, जटेचं नाव काढू नगंस, आमाला हितं नांदायचं हाय." संध्याकाळच्या गाडीनं ती निघून गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत जाणारी लेकीची पाठ शालूबाईनं दारातनं बघितली. लेकीला तिनं बघितलं ते शेवटचं.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी पडदा आला तो वर गेलाच नाही. उजवा डोळा उघडा होता आणि त्यात काही नव्हतं. शालूबाई दोन दिवस वाट बघत बसली, जाईल, नेहमीसारखा जाईल. कुणाला बोलली नाही. मग डाव्या डोळ्यातही धुरळा भरला आणि दुपारच्याला तोही गेला. तेव्हा मात्र ती अशी किंचाळली की गल्ली गोळा झाली. बाळाक्का अंगारा घेऊन पुढं आली, पण जयराजनं तिला बाजूला सारलं, आईला उचलून टेम्पोत घातलं आणि मिरजेचा रस्ता धरला. वाटेत तो रडत होता. शालूबाईला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. आवाज मऊ, हात गार. त्यांनी जटेकडं दुर्लक्ष करून कानशिलावर बोट टेकवलं आणि कातडीखालची सुजलेली शीर चाचपली, जाड दोरी चाचपावी तशी.

"आजी, केस विंचरताना दुखायचं?"

जयराज मध्येच म्हणाला, "तिला जट..."

"मी आजींना विचारतेय."

"व्हय," शालूबाई म्हणाली.

"घास चावताना जबडा दमायचा?"

"व्हय."

"सकाळी खांदे आखडायचे? बारीक ताप असायचा?"

"व्हय."

"डोळ्यापुढं पडदा येऊन जायचा?"

"व्हय बाई, व्हय गं बाई."

डॉक्टरीणबाईंनी शिरेवरचं बोट उचललं. मग सावकाश सांगितलं. म्हातारपणी नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी साधी धरायची नसते. कानशिलातली रक्ताची शीर सुजते. तीच सूज जबड्याच्या शिरेत, तीच डोळ्याच्या शिरेत. डोळ्याला रक्त पोचलं नाही की डोळा जातो. रक्ताच्या साध्या तपासणीत संशय येतो आणि औषध त्याच दिवशी सुरू करायचं असतं, कशासाठी थांबायचं नसतं.

"मग करा की सुरू," जयराज म्हणाला.

"करतेय. डोकं दुखायचं थांबेल."

"आन् डोळं?"

त्यावर त्या जे बोलल्या ते हळू आवाजात बोलल्या, पण आंधळ्याचे कान तिखट होतात ते पहिल्याच दिवशी होतात. शालूबाईनं ऐकलं.

सलाईनमधनं औषध गेलं आणि दुसऱ्या दिवशी ठणका थांबला. इतके दिवस उरावर बसलेली कळ कुठं गेली कळलंही नाही. शालूबाईनं उशीवर डोकं टेकवलं, या कुशीवरनं त्या कुशीवर वळवलं. काही दुखत नव्हतं. भाकरी चावली, जबडा दमला नाही. आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिनं त्यांचा हात धरून विचारलं, "हे औशिद आदी मिळालं आस्तं तर, बाई?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. बोलल्या नाहीत. "पडदा येऊन जायचा तेव्हा आला असता, आजी, तर डोळे वाचले असते."

म्हणजे संयोगिता आली होती तेव्हा. चल म्हणत होती तेव्हा. साऱ्या प्रश्नांतला खरा प्रश्न एकटीनं विचारला होता, शपथ घालून विचारला होता, आणि तिलाच शालूबाईनं खोटं सांगितलं होतं. संयोगिता दवाखान्यात येऊन तिचा हात धरून बसली, एक शब्द लावून बोलली नाही, आणि त्या न बोलण्यानं शालूबाईचं काळीज फाटत होतं. आईला साताऱ्याला नेते म्हणाली, तर जयराज ऐकेना.

"जयराज," शालूबाई म्हणाली, "आता विंचरलं तरी दुखत न्हाई. हे केस काप बाबा. खरं सांगते, जट न्हाई ती."

"आये, गप." त्यानं तिचा हात केसांवरनं बाजूला काढला. "आक्कानं नुसतं सोडवायचं नाव काडलं तर आईनं तुजं डोळं घेतलं. आता काय जीव घिऊ दे व्हय?"

घ्या! डॉक्टरीणबाईंनी एवढं फोड करून सांगितलं होतं, तो मान हलवत होता, आणि आत त्याचा हिशेब हा असा चालला होता. भ्यालेल्या माणसाला समजावता येत नाही.

गावाकडं परत आल्यावर घरापुढं पत्र्याचा मांडव पडला. आईनं डोळे घेतले आणि डोकं सोडलं, बाहेरची नजर काढून आतली नजर दिली, असं बाळाक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली आणि लोक मान डोलावू लागले. मिरजेच्या गोळ्या पल्लवी नेमानं द्यायची, आधी अंगाऱ्यात बुडवून. घरातली कात्री, विळी, सुरी शालूबाईच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर गेली. तिनं चाचपडून बघितलं होतं. लेक-सून तिला फुलासारखं जपत होती, आणि ती दिवसभर त्या पाटावर बसून एकच विचार करायची, की ढिगातनं काळा दाणा कसा दिसायचा.

एका मंगळवारी जतकडचा एक मेंढपाळ आपल्या म्हातारीला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. "मी बिराप्पा, आई," म्हणाला. "माज्या आईचं कानशील लय ठणकतंय. कवाच्यान झालं, कशानं बी थांबंना."

शालूबाई ताठ बसली. तिनं हात पुढं केला, म्हातारीचं तोंड चाचपत कानशिलापर्यंत गेली. म्हातारी "स्सऽ" करून मागं सरली. बोटाखाली शीर होती, जाड, सुजलेली.

"केस विंचरताना दुखतंय?"

"व्हय, आई."

"भाकरी चावताना जबडा भरून येतोय? थांबाया लागतंय?"

 म्हातारीला एकदम हुंदका फुटला. "बिराप्पा, ह्ये म्या तुला बी सांगितलं न्हवतं रं! कुणालाच न्हाई! आईनं वळखलं! न सांगता वळखलं!"

"उदं गं आई, उदं!" मांडवातनं आरोळी उठली.

"आगं थांबा! गप बसा समदी!" शालूबाई उभी राहिली.  "बिराप्पा, कुठं हायेस? ऐक. हिला आजच्या आज मिरजेला ने. घरी नेऊ नगंस. शीर सुजलीया हिची, डोळं जातील. माजं असंच गेलं. मी देवी न्हाई रं बाबा! फणी लागायची म्हणून म्या विंचरलं न्हाई, त्यो गुता हाय नुसता! म्या खोटं बोलले, लेकीसंगं खोटं बोलले! डागदर हायेत तितं, औशिद हाय, पर आजच जा, तुज्या पाया पडते!"

आणि खरंच ती वाकली, बिराप्पाचे पाय शोधू लागली. 

मग बाळाक्काचा आवाज आला, भक्तीनं भिजलेला. "परीक्षा बगतीया आई. भक्ताची परीक्षा बगतीया. अंगावर काटा आला बगा माज्या."

पुन्हा उदं उदं सुरू झालं. बिराप्पानं शालूबाईला खांद्याला धरून अलगद पाटावर बसवलं. भला माणूस होता. "आई," तो म्हणाला, "तुमी वळखलासा. आता मिरज कशाला?"

कुणीतरी म्हातारीच्या कानशिलाला अंगारा चोळला. शालूबाई ओरडत होती, पण तिच्या ओरडण्याला आता ढोलकं लागलं होतं. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज तिनं ओळखला आणि पल्लवीचा पदर धरला.

"कुठल्या अंगाला गेली गं गाडी? मिरजेच्या रस्त्याला लागली का?"

पल्लवीनं मान उंच करून बघितलं. "न्हाई, आत्ती," ती म्हणाली, "जतकडंच गेली," आणि पुढच्या बाईचा नारळ तिनं हातात घेतला.